काळोखात पक्षी मोजायचे कसे?

सूर्य कलला की नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावरून माणसे उतरू लागतात. दुर्बिणी पिशवीत जातात, गाड्या निफाडच्या दिशेने निघतात. पाणथळीत मात्र तेव्हा नुसती पाळी बदलत असते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाण्यात पाणगवत माजले आणि पक्ष्यांचे फावले. १९८६ साली इथे अभयारण्य झाले; २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मानही याच जागेला मिळाला.

तिन्हीसांजेला पहिली हाक रातबगळ्याची. दिवसभर झाडात मान आखडून बसलेला हा पक्षी आता चरायला निघतो आणि डोक्यावरून जाताना ‘क्वाक्’ एवढेच घोगऱ्या आवाजात म्हणतो. मग अडई बदके शिट्ट्या घालत भातखाचरांकडे जातात. कोरड्या काठाकडून टिटवी ओरडते. पण ती दिवसाही ओरडतेच, तेव्हा तिचे फार कौतुक नको.

खरा नवलाचा पक्षी रंगीत पाणलावा. चिखलाच्या कडेला गवतात तो असा दडतो की दिवसा चार पावलांवरूनही दिसू नये. अंधारात रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा ‘कूक, कूक’ आवाज येतो, तो मादीचा. या जातीत रंगीत पिसारा तिचा आणि प्रियाराधनही तिचेच. अंडी घातली की ती बहुधा दुसऱ्या नराच्या शोधात निघते. अंडी उबवायची आणि पिल्ले वाढवायची ती बाबाने.

अशा पक्ष्यांसाठी दुर्बिणीपेक्षा कान कामाचे. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या विजेरीचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो, म्हणून लाल कागद लावलेली विजेरी बरी. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा मोह मात्र आवरावा. विणीच्या दिवसांत तो आपली जागा राखायला धावून येतो आणि तेवढा वेळ घरटे उघडे पडते. अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. गावाकडच्या बांधावरूनही पुष्कळ ऐकू येते.

केवळ ऐकून पक्षी मोजता येतात, हे ब्रिटनने बिटर्नच्या बाबतीत दाखवून दिले. बगळ्याच्याच कुळातला हा तपकिरी पक्षी बोरूच्या बेटांत दडून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तिथून वीण करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. १९११ साली नॉरफोकमध्ये पुन्हा त्याचे पिल्लू सापडले. नराचा घुमारा पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि ध्वनिमुद्रणाच्या आलेखावरून एक नर दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. १९९७ साली घुमणारे नर भरले अवघे ११. बोरूची बेटे सुकत चालल्याचे ध्यानात आल्यावर तिथले पाणी राखले गेले, नवी बेटे वाढवली गेली. आज ती मोजदाद दोनशेच्या पुढे आहे.

आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, पण ती दिवसाउजेडी. रोहित आणि बदके त्यात नीट मोजली जातात. पाणलावा बराचसा निसटतो. गणनेच्या आदल्या संध्याकाळी दोन तास बांधावर कान देऊन बसण्याचा रिवाज पाडला, तर त्याला खर्च एका वहीचा आणि स्वेटरचा.