कुशीत कोण? गट्टीचे भन्नाट किस्से!

बाळ आईला का चिकटतं? ‘दूध मिळतं म्हणून!’ असं म्हणणार असाल, तर थांबा. एका टर्किश टॉवेलनं हे उत्तर कधीच पुसून टाकलंय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना दोन ‘डुप्लिकेट’ आई दिल्या. एक नुसत्या तारेच्या जाळीची. दुसरी लाकडी ठोकळ्यावर स्पंज आणि टर्किश टॉवेल गुंडाळलेली, आतून बल्बची ऊब. काही पिल्लांसाठी दुधाची बाटली मुद्दाम तारेच्या आईला लावली. मग? पिल्लं पोटापुरती तिच्याकडे जायची आणि बाकीचा वेळ टॉवेलला मिठी! दूधवालीच्या वाट्याला दिवसातला जेमतेम एखादा तास. १९५८ साली हार्लोनं हे जाहीर केलं आणि ‘जिथे दूध तिथे प्रेम’ ही थिअरी गारद झाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. एक पिल्लू चक्क महिनाभर आधी जन्माला आलं. टॉवेल-आईचा चेहराच तयार नव्हता! नाक नाही, डोळे नाहीत, मानेवर नुसता लाकडी गोळा. पिल्लानं तीच आई मानली. सहा महिन्यांनी त्याला छान रंगवलेल्या चेहऱ्याची आई दिली, तर पठ्ठ्यानं तिचं डोकं गर्रकन फिरवून कोरी बाजू पुढे घेतली. संशोधकांनी चेहरा पुन्हा सरळ केला. यानं पुन्हा फिरवला. मेकअप नको, माझीच आई हवी!

(आज असा प्रयोग एथिक्स कमिटी सहजासहजी पास करणार नाही, आणि ते योग्यच. खऱ्या आईविना वाढलेली ती पिल्लं पुढे इतर माकडांत धड मिसळू शकली नाहीत.)

माहीत आहे का? तीन दिवसांचंही न झालेलं बाळ ‘आपलं स्टेशन’ ट्यून करू शकतं! १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी नवजात बाळांना हेडफोन लावले आणि तोंडात बोंडलं दिलं. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज, नाहीतर दुसऱ्याच बाईचा. बाळांनी लय पकडली आणि आईचाच आवाज लावून घेतला. बाबांच्या आवाजाची चाचणी पुढे १९८४ मध्ये झाली. नवजात बाळांनी त्याला खास भाव दिला नाही. बाबालोक, मनाला लावून घेऊ नका, तुमचा नंबर पुढे आहे.

आता जरा फोनची गॅलरी उघडा. बाळाला घेतलेले फोटो बघा. डावीकडेच घेतलंय ना? ली साल्क यांनी १९६० मध्ये हेच मोजलं. उजव्या हाताच्या ८३ टक्के आया बाळाला डावीकडे धरतात. उजवा हात कामाला मोकळा राहतो म्हणून? छे! डावखुऱ्या आयांमध्येही ७८ टक्के डावीकडेच. साल्क म्हणाले, बाळाला आईच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात म्हणून. बाकीचे शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत.

सात-आठ महिन्यांचं बाळ अचानक आपलं-परकं करायला लागतं. कालपर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं आज शेजारच्या काकूंना बघून भोकाड पसरतं, आणि आईला बाथरूमचं दार लावण्याची सोय उरत नाही. काकू, रागावू नका! ‘आपलं कोण’ हे त्याला कळू लागल्याची ती पावती आहे.

या ‘आपलं कोण’ची चक्क परीक्षासुद्धा आहे. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन आया आणि बाळं न्याहाळली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला टेस्ट बनवली. अनोळखी खोली, खेळणी, वर्षभराचं बाळ, आई आणि एक परकी बाई. आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. वीसेक मिनिटांत खेळ खल्लास. पण मार्क कशाला, माहीत आहे का? आई गेल्यावर रडण्याला नाही! ती परत आल्यावर बाळ काय करतं, याला. झेपावलं, शांत झालं, पुन्हा खेळायला लागलं की गट्टी पक्की. काही बाळं मात्र आईकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले! बाहेरून कूल, आतून फुल्ल टेन्शन.

पक्क्या गट्टीची बाळं साधारण ६५ टक्के. आणि मांजराची पिल्लं? अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २०१९ साली त्यांचीही अशीच परीक्षा झाली. निकाल ६४ टक्के. म्यॅव!

गट्टीची ही सगळी थिअरी (अटॅचमेंट थिअरी) मांडणारे ब्रिटिश डॉक्टर जॉन बोल्बी स्वतः नॅनीच्या हाती वाढले. आई भेटायची दिवसातून तासभर, संध्याकाळच्या चहानंतर. चौथ्या वर्षाच्या सुमारास लाडकी नॅनी नोकरी सोडून गेली, ते दुःख ते विसरले नाहीत.

आता बाबांचा नंबर! मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या आका जमातीतले वडील दिवसाचा ४७ टक्के वेळ बाळाला घेऊन असतात, नाहीतर हाताच्या अंतरावर तरी. आणि ग्लासगोत १९६४ मध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची एकाहून जास्त माणसांशी गट्टी झालेली. बाबा, आजी-आजोबा, भावंडं, सगळे यादीत! शिवाय न्हाऊ-माखू घालणारं माणूसच नंबर वन असेल, असंही नाही. हाकेला ओ देणारा जिंकतो. ऑफिसला जाणाऱ्या आयांनो, हा अभ्यास सासूबाईंना फॉरवर्ड करा.

गट्टी वस्तूंशीही जमते! आईच्या जुन्या साडीची गोधडी धुवायला टाकली की घरात रडारड का होते? ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये मुलांना एक ‘कॉपी मशीन’ दाखवलं. ते कुठल्याही वस्तूची हुबेहूब जोडी काढतं, असं सांगितलं. लाडक्या बाहुलीची, पांघरुणाची पाळी आली, तेव्हा काही मुलांनी ती मशीनमध्ये ठेवूच दिली नाही. बाकीच्यांनीही बहुतेक करून ओरिजिनलच मागितली. नवीन कोरी? नको म्हणजे नको.

जाता जाता एक फुकटची ट्रिक. जपानच्या कुमी कुरोदा यांच्या टीमनं २०२२ मध्ये शोधलेली. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं एका चालीत चाला. मध्ये थबकू नका. झोपलं? लगेच पाळण्यात टाकू नका! कारण बाळ जागं होतं ते पाठ गादीला टेकल्यामुळे नव्हे, तर त्याचं अंग तुमच्या अंगापासून सुटतं त्या क्षणी. म्हणून झोपलेल्या बाळाला घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसून राहा आणि मगच अलगद खाली ठेवा. आज रात्रीच करून बघा, आणि हो, आज बाबांचा टर्न!