सिद्ध झाले, पण उमगले काय?

गणितातील संशोधन म्हणजे अधिकाधिक अवघड आकडेमोड, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ज्याला मोठा गुणाकार तोंडी करता येतो तो मोठा गणिती, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती निराळी आहे. गणितज्ञाचे खरे बळ त्याच्या प्रश्नांत असते. असा प्रश्न कधी कधी शाळकरी मुलालाही कळावा इतका सोपा असतो, आणि तरीही त्याचे उत्तर शोधण्यात पिढ्यान् पिढ्या खर्ची पडतात. पूर्णांकांच्या विभाजनांचा प्रश्न हा त्याचा उत्तम दाखला होय.

विभाजन म्हणजे एखाद्या संख्येचे भाग पाडणे. चार गोट्यांचे ढीग किती प्रकारांनी करता येतील? चारांचा एकच ढीग; ३ + १; २ + २; २ + १ + १; आणि १ + १ + १ + १. ढिगांचा क्रम येथे विचारात घ्यावयाचा नाही. तेव्हा चाराची विभाजने पाच. त्याच रीतीने पाचाची सात, सहाची अकरा आणि दहाची बेचाळीस होतात. येथपर्यंत सारे बोटांवर मोजण्यासारखे वाटते. परंतु शंभराची विभाजने १९,०५,६९,२९२ भरतात, आणि दोनशेची संख्या तर सुमारे चार लक्ष कोटींच्या घरात जाते.

ही मोजदाद करण्याची किल्ली अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दिली. बीजगणितात घातांकित पदांचा गुणाकार केला की घातांकांची बेरीज होते. या साध्या नियमाचा उपयोग करून त्याने असा एक अनंत गुणाकार मांडला की, तो विस्तारून लिहिला असता प्रत्येक पदाचा गुणक हीच त्या त्या संख्येच्या विभाजनांची गणती ठरते. ढीग मोजण्याचा प्रश्न अशा रीतीने बीजगणिताच्या स्वाधीन झाला.

मॅकमोहन या इंग्रज गणितज्ञाने दोनशेपर्यंतच्या संख्यांचे कोष्टक हाताने तयार केले होते. केंब्रिजला हार्डी यांच्यासह याच विषयावर काम करीत असलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या दृष्टीस ते पडले. इतरांना त्यात केवळ आकड्यांची रास दिसली असती. रामानुजन यांना त्यात एक शिस्त दिसली. ४, ९, १४, १९, २४ या संख्यांची विभाजने अनुक्रमे ५, ३०, १३५, ४९० आणि १५७५ आहेत. या साऱ्यांना पाचाने निःशेष भाग जातो. चारापासून पाच-पाचांच्या अंतराने कितीही दूर गेले तरी हा नियम मोडत नाही. पाचापासून सात-सातांच्या अंतराने गेल्यास सातने भाग जातो, आणि सहापासून अकरा-अकरांच्या अंतराने गेल्यास अकराने. पहिल्या दोन नियमांच्या सिद्धता रामानुजन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. अकराच्या नियमाची त्यांची सिद्धता हार्डी यांनी त्यांच्या हस्तलिखितातून १९२१ मध्ये प्रकाशात आणली.

नियम सिद्ध झाला म्हणजे विषय संपला, असे कोणीही म्हणेल. परंतु १९४४ मध्ये केंब्रिजमधील फ्रीमन डायसन नावाच्या विद्यार्थ्याला ते पटले नाही. विभाजनांच्या संख्येला पाचाने भाग जातो हे बीजगणिताने दाखविले, हे खरे. पण मग त्या विभाजनांचे पाच समान गट प्रत्यक्ष पाडून दाखविता आले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी त्याने एक अगदी साधे माप सुचविले: विभाजनातील सर्वांत मोठ्या भागातून भागांची एकूण संख्या वजा करावी. चाराच्या पाच विभाजनांना हे माप लावले तर ३, १, ०, −१ आणि −३ असे अंक येतात. ऋण अंकांत पाच मिळवून घेतले की ३, १, ०, ४, २ अशा पाचही निरनिराळ्या बाक्या हाती लागतात. प्रत्येक गटात एकेक विभाजन! पाच आणि सात या दोन्ही नियमांत हे माप सर्वत्र असेच चालते, असे डायसनचे अनुमान होते. १९५४ मध्ये ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी ते सिद्ध केले.

अकराच्या बाबतीत मात्र ते माप निकामी ठरते. सहाच्या अकरा विभाजनांपैकी ४ + १ + १ आणि ३ + ३ या दोहोंचेही माप एकच येते. मग अकरा गट समान कसे व्हावेत? डायसनने येथे एक धाडसाची गोष्ट केली. अकराचा उलगडा करणारे दुसरे एखादे माप असलेच पाहिजे, असे सांगून, ते कसे असेल हे ठाऊक नसतानाच त्याने त्याला ‘क्रँक’ असे नाव देऊन टाकले. बाळ जन्मण्यापूर्वीच बारसे उरकावे, तसा हा प्रकार!

ते बाळ जन्माला येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. अँड्रूज आणि गार्व्हन यांनी शोधलेले माप १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रीत अशी: विभाजनात एकही ‘१’ नसेल तर त्यातील सर्वांत मोठा भाग हेच माप. ‘१’ असतील तर ते किती आहेत ते पाहावे, त्या संख्येहून मोठे भाग किती ते मोजावे, आणि त्यातून ‘१’ची संख्या वजा करावी. या रीतीने ४ + १ + १ चे माप −१ येते आणि ३ + ३ चे ३. सहाची अकराही विभाजने अकरा वेगवेगळ्या गटांत जातात. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही हा ताळा पाहता येईल. विशेष हे की, पाच, सात आणि अकरा या तिन्ही नियमांना हे एकच माप पुरते.

यानंतर या क्षेत्रात पुष्कळ भर पडली. इतके सुटसुटीत नियम या तीन मूळसंख्यांखेरीज इतर कोणत्याही मूळसंख्येसाठी नसावेत, असे रामानुजन यांनी लिहून ठेवले होते. २००३ मध्ये आल्ग्रेन आणि बॉयलन यांनी ते सिद्ध केले. सुटसुटीत नसलेले नियम मात्र विपुल आहेत. पाच आणि त्यापुढील प्रत्येक मूळसंख्येसाठी असे नियम असतात, हे केन ओनो यांनी २००० मध्ये दाखविले. तेरासाठी ॲटकिनने शोधलेला एक नियम २३७ पासून सुरू होतो आणि १७,३०३ च्या अंतराने पुढे जातो! असे नियम नुसते कोष्टक न्याहाळून कोणाच्या दृष्टीस पडणे कठीणच.

एवढी मजल मारूनही सर्वांत साधा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. एखाद्या संख्येची विभाजने सम असतील की विषम? दोन्ही प्रकार अनंत वेळा आढळतात, हे कोल्बर्गने १९५९ मध्ये सिद्ध केले. मोठमोठ्या गणनांवरून असे दिसते की, दोन्हींचे प्रमाण निम्मे-निम्मे असावे. पार्किन आणि शँक्स यांनी १९६७ मध्ये तसे अनुमानही मांडले. यंत्रांनी असंख्य उदाहरणे तपासली तरी उदाहरणांची रास म्हणजे सिद्धता नव्हे. पाच, सात आणि अकरा यांच्यापुढे जी शिस्त उघड झाली, ती दोनापुढे येताच नाहीशी का होते, याचा उलगडा व्हावयाचा आहे. सिद्धता मिळेल तेव्हाही ‘हे असे का?’ असे विचारणारा एखादा विद्यार्थी कोठेतरी असेलच. आणि पुढचे पाऊल बहुधा त्याचेच असेल.