रेडिओ स्टेशन बदलण्याची चाहूल: चँडलर आणि फीनिक्स

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या नावावर परवाना असलेलं एफएम स्टेशन म्हणजे १०७.९ वरचं, कंट्री संगीताचं केएमएलई. पण त्याचे श्रोते आणि जाहिरातदार सगळ्या फीनिक्स महानगरातले. त्यामुळे स्टेशन आपला संगीतप्रकार बदलणार का, याचा अंदाज बांधताना फीनिक्सचीच बाजारपेठ धरावी लागते.

📻 मालकी: स्टेशन विकायचं तर संघीय दूरसंचार आयोगाची (एफसीसी) मंजुरी लागते. त्यासाठीचा अर्ज सर्वांना पाहता येतो, म्हणून हस्तांतर आधीच कळतं. नव्या मालकाकडे त्याच धाटणीची इतर स्टेशनं असतील, तर एखाद्याचा संगीतप्रकार बदलण्याची शक्यता वाढते.

📊 श्रोतृसंख्या: फीनिक्समध्ये नील्सन कंपनी श्रोत्यांनी जवळ बाळगायच्या मीटरवरून मोजणी करते. एका महिन्याच्या घसरणीला अर्थ नाही. सलग घसरण मात्र बोलकी असते. जाहिरातदारांची नजर बहुधा २५ ते ५४ वयोगटावर असते.

🎙️ प्रसारण: लोकप्रिय निवेदक अचानक जाणं, जाहिराती आटणं, एकाच प्रकारची गाणी दिवसभर फिरत राहणं, ही अगदी शेवटची लक्षणं.

मालकीच्या लक्षणाचं ठळक उदाहरण ९३.३ वरच्या केडीकेबीचं. २०१३ मध्ये हबर्ड कंपनीने सँडस्की कंपनीकडून फीनिक्समधली स्टेशनं घेतली. त्यात केडीकेबी, केयूपीडी आणि केएसएलएक्स ही तिन्ही रॉक संगीताची! एकाच मालकाची तीन स्टेशनं एकमेकांचेच श्रोते ओढत होती. २०१४ मध्ये केडीकेबी अल्टरनेटिव्ह संगीताकडे वळलं.

एकट्या लक्षणावरून निघतो तो नुसता तर्क. मालकी, आकडे आणि प्रसारण ही तिन्ही एकाच दिशेला गेली, की अंदाज भरवशाचा होतो.