नंबर न दिसणारा फोन

आमच्या गावात एक बाई आहे. तिला आपण आक्का म्हणू. तिचे खरे नाव मी सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

आक्काचा नवरा वारला. शेत नाही. ती बाळंतिणीला तेल लावते, बाळाला न्हाऊ घालते. आसपासच्या पाच-सहा गावांत तिला बोलावणे येते. पूर्वी बोलावणे घेऊन माणूस यायचा. त्याचे तोंड दिसायचे. हा अमक्याचा मुलगा, हे कळायचे. आता बोलावणे फोनवर येते. फोनवर तोंड दिसत नाही.

एके रात्री आठ वाजता आक्काचा फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता. 'प्रायव्हेट नंबर' अशी दोनच शब्दांची पाटी आली होती. आक्काने फोन घेतला.

“मावशी, माझी बायको बाळंत झालीय. आत्ताच्या आत्ता या. फाट्यावर उभ्या राहा. मी मोटारसायकल घेऊन येतो. हजार रुपये देतो.”

“कुठल्या गावचं म्हणायचं?” आक्काने विचारले.

“या तर खरं. मग सांगतो.”

आक्काला एका वेळचे दोनशे मिळतात. हजार म्हणजे पाच दिवसांची कमाई. तिने पदर खोचला, तेलाची बाटली घेतली आणि दाराला कडी घातली. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, “एवढ्या रातीचं कुठं गं निघालीस?”

आक्काला उत्तर देता येईना. कोणाच्या घरी जायचे, कोणत्या गावी, तिलाच ठाऊक नव्हते. ती तिथेच थांबली. कडी काढली आणि घरात आली.

वाचकहो, हाच आपला पहिला धडा. ज्या बोलावण्याचा पत्ता शेजारणीला सांगता येत नाही, त्या बोलावण्याला जाऊ नये.

फोन फेकून द्यावा काय?

त्यानंतर आठ दिवस तसेच फोन येत राहिले. आधी गोड बोलणे झाले. मग घाण बोलणे सुरू झाले. मग “तुझं घर मला ठाऊक आहे” अशी धमकी आली. आक्का माझ्याकडे आली. म्हणाली, “गुरुजी, फोन विहिरीत टाकू का?”

मी म्हणालो, “टाक. पण मग खाशील काय?”

अनोळखी फोन घेऊच नका, असे सांगणे सोपे आहे. ज्याचा पगार महिन्याला बँकेत येतो त्याला ते जमेल. पण जी बाई एकटी काम करते, घरोघर जाते, तिचे नवे गिऱ्हाईक अनोळखीच असते. स्वयंपाकाला जाणारी, आजाऱ्याची सेवा करणारी, मेंदी काढणारी, शिवणकामाचे माप घ्यायला जाणारी, या सगळ्यांचे पोट फोनवर आहे. म्हणून फोन सोडायचा नाही. तो घ्यायची रीत शिकायची.

नंबर कसा लपतो?

टपालाचे उदाहरण घ्या. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नसले तरी पाकिटावर टपाल कचेरीचा शिक्का असतो. पत्र कोठून निघाले ते शिक्क्यावरून कळते.

फोनचेही तसेच आहे. फोन लागतो तेव्हा करणाऱ्याचा नंबर त्याच्याबरोबर निघतो. काही वेळा त्यावर 'हा दाखवू नका' अशी खूण असते. मग आपल्या पडद्यावर नंबर येत नाही. पण फोन कंपनीच्या नोंदीत तो राहतो. आपल्याला दिसला नाही म्हणजे कुणालाच दिसला नाही, असे नव्हे. पोलीस कंपनीकडून ही नोंद मागवू शकतात.

आपल्या देशात नंबर लपवण्याची सोय सामान्य माणसाला सहज मिळत नाही. म्हणून असा फोन क्वचित येतो. परदेशातून किंवा इंटरनेटवरून केलेला फोनही कधी कधी बिननंबरी दिसतो. आखातात कामाला गेलेल्या मुलाचा फोनसुद्धा असा येऊ शकतो. म्हणून घरच्या माणसांशी आधीच ठरवून ठेवा. मुलाने अमुक दिवशी, अमुक वेळेला फोन करावा, किंवा व्हॉट्सॲपवर करावा. तिथे त्याचे नाव आणि फोटो ओळखीचा असतो.

उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. दिसणारा नंबर खराच असतो, असेही नाही. पाकिटावर खोटे नाव लिहिता येते, तसा फोनवर खोटा नंबर दाखवता येतो. परदेशातून फोन करायचा आणि नंबर भारतातला दाखवायचा, असे ठग करत आले आहेत. असे फोन अडवण्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यंत्रणा सुरू केली. तरीही आपली सावधगिरी आपणच ठेवायची. पडद्यावर आलेल्या नावावरही भुलू नये. 'बँक मॅनेजर' असे नाव कोणीही स्वतःला लावून घेऊ शकतो.

फोन घेण्याची रीत

एक. आपण आधी नाव सांगू नये. समोरचा विचारतो, “कोण बोलतंय?” आपण म्हणावे, “फोन तुम्ही केलाय. तुम्ही कोण?” आपले नाव, गाव, घरात कोण असते, यातले काही सांगू नये. “मी घरी एकटीच आहे” हे तर कधीच बोलू नये.

दोन. नंबर दिसत नसेल तर एकच वाक्य बोलावे. “दिसणाऱ्या नंबरावरून फोन करा, मग बोलू.” एवढे बोलून फोन ठेवावा. ज्याला खरोखर काम आहे तो पुन्हा फोन करतो. ज्याच्या मनात काळे आहे तो सबब सांगतो.

तीन. “माझा नंबर कोणी दिला?” असे विचारावे. ज्याचे नाव सांगेल त्याला आपण स्वतः फोन करून खात्री करावी. आक्का आता आशाताईंना विचारते. गावात कोणाकडे बाळंतपण झाले हे आशाताईंना ठाऊक असते.

चार. ज्या बाईचे काम आहे तिच्याशी बोलायला मागावे. “बाळंतिणीशी नाहीतर तिच्या सासूशी बोलू द्या.” खऱ्या घरात फोन लगेच बाईच्या हाती जातो.

पाच. पहिल्यांदा जायचे ते दिवसा. आपल्या पायाने किंवा एसटीने जायचे. अनोळखी माणसाच्या गाडीवर बसायचे नाही. निघताना शेजारी सांगायचे, “अमक्याच्या घरी जाते, पाचपर्यंत येते, आले नाही तर फोन कर.”

सहा. घाई करणाऱ्यापासून जपावे. “आत्ताच या”, “कुणाला सांगू नका”, “दुप्पट पैसे देतो”, ही तीन वाक्ये एकत्र आली की समजावे, काहीतरी खोटे आहे.

फोनमधली एक कळ

आजकालच्या बहुतेक मोठ्या पडद्याच्या फोनमध्ये बिननंबरी फोन अडवण्याची सोय असते. घरच्या शिकल्या मुलाला सांगून ती लावून घ्या. पण त्याला नीट समजावून सांगा. नंबर लपवलेले फोन अडवणे वेगळे, आणि आपल्या यादीत नसलेले सगळे फोन गप्प करणे वेगळे. दुसरी कळ दाबली तर नवे गिऱ्हाईकही अडेल. आपल्याला पहिलीच हवी.

पैशांची गोष्ट

काही ठग कामाचे नाव काढतात आणि पैशावर येतात. “मावशी, आगाऊ पैसे पाठवतो. फोनवर आकडा आलाय तो सांगा.” किंवा, “पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.”

हे पाठ करून ठेवा. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. जो पिन टाकायला सांगतो तो देत नाही, नेतो. फोनवर आलेला गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये. बँकेच्या माणसालाही नाही.

कोणी म्हणतो, “मी पोलीस आहे. तुम्हाला फोनवर अटक केली आहे. पैसे भरा, नाहीतर तुरुंगात जाल.” याला 'डिजिटल अटक' असे भारी नाव दिले आहे. अशी अटक कायद्यात नाही. पोलीस फोनवर अटक करत नाहीत आणि सुटकेचे पैसेही मागत नाहीत. फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच तर रडत बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. लाजेने दोन दिवस घालवले तर पैसे हाती लागणे कठीण.

धमकी आली तर

घाण बोलणाऱ्याशी भांडू नये. त्याला तेच हवे असते. एकदाच स्पष्ट सांगावे, “मला फोन करू नका.” मग फोन ठेवावा. हे एकदा स्पष्ट सांगणे महत्त्वाचे आहे. बाईने नको म्हटल्यावरही जो सलगीसाठी पुन्हा पुन्हा गाठू पाहतो, तो गुन्हा करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तसे लिहिले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिल्यांदा गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव लपवून धमकी देणाऱ्याला तर धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ते कलम ३५१ मध्ये आहे.

मी आक्काला एक दोन रुपयांची जुनी वही दिली. ती आमच्या साक्षरता वर्गात नुकतीच लिहायला शिकली होती. मी म्हणालो, “प्रत्येक फोन लिही. तारीख, वेळ, काय बोलला.” तिची अक्षरे वेडीवाकडी होती. पण तिने लिहिले. 'सोमवार. रात्री ९ वाजून १० मिनिट. नंबर नाही. घर माहीत आहे म्हणाला.' अशा अकरा ओळी झाल्या.

आम्ही ठाण्यावर गेलो. तिथला एक शिपाई म्हणाला, “रात्रीबेरात्री बोलावणी येतात, असलं कसलं काम करता बाई?” आक्काची मान खाली गेली. मला राग आला. पण मी बोलायच्या आत आक्कानेच मान वर केली आणि वही टेबलावर ठेवली. म्हणाली, “साहेब, काम माझं आहे. गुन्हा त्याचा आहे.”

आतल्या अधिकाऱ्याने वही वाचली. तारीख आणि वेळ पाहिली. तक्रार लिहून घेतली. कंपनीकडून नोंद मागवली. फोन करणारा बाजारच्या गावातलाच निघाला. एका दुकानाच्या भिंतीवर आक्काचे नाव आणि नंबर लिहिलेला होता, तिथून त्याने तो घेतला होता. म्हणून नाव आणि नंबर जोडीने कुठेही लिहू देऊ नये. मी तिचे नाव का सांगत नाही, ते आता कळले ना?

लाज कोणाची?

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. “हे आमच्या हद्दीत नाही” म्हणून परत पाठवता येत नाही. बाई काय काम करते यावरून तिची तक्रार हलकी ठरत नाही. देहविक्रय करून पोट भरणाऱ्या बायकांनाही असे फोन येतात. त्यांना तर धोका अधिक आणि दाद कमी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यांनाही कायद्याचे सारखेच संरक्षण आहे आणि पोलिसांनी त्यांच्याशी मानाने वागले पाहिजे. मग आक्काने काय म्हणून मान खाली घालावी? तुम्ही तरी काय म्हणून घालावी?

आक्का आजही कामाला जाते. फोन वाजला की आधी पडदा पाहते. वही तेलाच्या बाटलीशेजारी असते.

लक्षात ठेवा

संकटात ११२. बायकांच्या मदतीला १८१. पैसे गेले तर १९३०. हे तीन आकडे दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

प्रश्न

१. आक्का दारातून मागे का फिरली?
२. नंबर आपल्याला दिसला नाही तरी तो कोठे राहतो?
३. पैसे घेताना पिन लागतो काय?
४. आक्काने वहीत कोणत्या तीन गोष्टी लिहिल्या? तुम्हीही एका कागदावर तशी एक ओळ लिहून पाहा.