गाढवाने ओढलेली स्कूटर आणि ग्राहकाचा हक्क

एप्रिल २०२२ मध्ये परळी वैजनाथच्या रस्त्यावर एक अजब मिरवणूक निघाली. पुढे गाढव आणि मागे दोरीने बांधलेली कोरी करकरीत विजेवरची स्कूटर. या कंपनीवर विश्वास ठेवू नका, असे सांगणारे फलक सोबत होते. त्या वेळच्या बातम्यांनुसार परळीतील एका व्यावसायिकाने २०२१ च्या सप्टेंबरात ओला कंपनीची ही स्कूटर नोंदवली होती. ती हाती पडली मार्च २०२२ मध्ये आणि जेमतेम आठवडाभरात बंद पडली. कंपनीचा मेकॅनिक येऊन पाहून गेला, पण गाडी काही चालू झाली नाही. फोन करून करून थकल्यावर मालकाने गाढव आणले. छायाचित्र देशभर फिरले, लोक पोट धरून हसले आणि चार दिवसांत विसरले.

आम्हाला मात्र त्या चित्रात हसण्यापेक्षा विचार करण्यासारखेच जास्त दिसते. हे घडले कुठे, तर परळीत. या गावाची ओळख दोन गोष्टींनी. एक वैजनाथाचे मंदिर, दुसरे औष्णिक वीज केंद्र. १९७० च्या दशकापासून परळीने महाराष्ट्राला वीज दिली. तिची राख आजूबाजूच्या गावांनी अंगावर घेतली. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली होती. ज्या गावात वीज तयार होते, त्याच गावात विजेची गाडी गाढवाला जुंपावी लागते, यापेक्षा मोठी थट्टा कोणती? व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचेही खाते होते. १९४४ साली सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड उभे राहिले ते त्यांच्याच काळात. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगाशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यामागची दृष्टी होती. ती वीज आज कष्टकऱ्याच्या दारात चाकावर बसून आली. पण ती बिघडली तर दाद कुठे मागायची, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

बीड जिल्ह्यात दुचाकी ही चैन नाही. बीड शहरात रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले. वाड्या-वस्त्यांवर एसटी येते तेव्हा येते. अंगणवाडीची ताई, आशा कार्यकर्ती, वस्तीशाळेतून पुढे आलेला गुरुजी, केज-धारूरहून अंबाजोगाईच्या दवाखान्यात कामाला जाणारा कर्मचारी, दूध घालणारा, भाजी विकणारा, या सगळ्यांचा दिवस दुचाकीच्या चाकावर उभा असतो. ज्या घरातले आईबाप दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या घरातला शिकलेला मुलगा पहिली नोकरी लागली की पहिल्यांदा गाडी घेतो. घराच्या इतिहासातली ती पहिली गाडी असते. तिला हार घातला जातो, पेढे वाटले जातात. तीच गाडी दोन महिने शोरूमच्या मागच्या अंगणात धूळ खात पडली, तर ती केवळ यंत्राची बिघाडी राहत नाही. मजुरी बुडते, नोकरीवर खाडा पडतो आणि शेजाऱ्यापुढे मान खाली जाते ती वेगळीच.

आणि फायनान्सचा हप्ता? तो थांबत नाही. गाडी चालो अगर न चालो, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे जातात. ऊसतोड कामगाराला मुकादमाची उचल ठाऊक आहे. काम केले तरी फिटत नाही आणि नाही केले तरी वाढत जाते. मुलाच्या नशिबी उचलीचे नाव बदलून हप्ता आला, एवढाच काय तो फरक. हप्ता थांबवावा तर कर्जखात्यावर थकबाकीची नोंद होते आणि पुढचे कर्ज मिळण्याचे दार बंद होते. कर्ज देणारा म्हणतो, गाडीशी आमचा संबंध नाही. शोरूमवाला म्हणतो, पार्ट कंपनीकडून यायचा आहे. कंपनी म्हणते, तुमची तक्रार नोंदवली आहे. तिघेही खरेच बोलत असतात आणि गाडी जिथल्या तिथे उभी असते.

पूर्वी स्कूटरसाठी थांबावे लागे. १९७०-८० च्या काळात बजाजच्या स्कूटरची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. तेव्हाची वाट गाडी घरी येण्यापूर्वीची होती. आताची वाट गाडी घरी आल्यानंतर सुरू होते. जुन्या स्कूटरला एक सोय होती. रस्त्यात बंद पडली तर तिरकी करून किक मारायची, प्लग काढून पुसायचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे ढकलत न्यायची. तो मिस्त्री बहुधा आपल्यासारख्याच घरातला. शाळा सुटलेली, पण हातात कसब असलेला. क्लच वायर असो की कार्बोरेटर, तासाभरात गाडी चालू. विजेच्या गाडीत पोटात बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि वरून संगणकाची आज्ञावली. काय बिघडले हे पाहण्याचे साधनही कंपनीकडेच आणि सुटा भागही कंपनीकडेच. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी गेली म्हणून सांगितले जाते. म्हणजे ग्राहकाचे दार बंद आणि मिस्त्रीची चूलही बंद. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले, म्हणजे दुरुस्तीचा हक्क तत्त्वतः मान्य झाला. पण त्यासाठी स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

हा एका परळीचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या ३,३८९ तक्रारी दुरुस्तीला होणाऱ्या विलंबाच्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या, असे कंपनीने कळवले. हा दावा खरा धरला तरी प्रश्न उरतोच. हेल्पलाइनचा नंबर ज्याला ठाऊक नाही, ज्याने फोन केलाच नाही, त्याची तक्रार कोणत्या टक्क्यात धरायची?

यात सरकारही मोकळे सुटत नाही. ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळात, विजेच्या दुचाकींना केंद्राने अनुदान दिले. जून २०२१ पासून ते बॅटरीच्या दर किलोवॅट तासाला १५,००० रुपये आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत होते. २०२३ मध्ये ते कमी करण्यात आले. हा पैसा जनतेच्या करातला. ज्याने कधी स्कूटर घेतली नाही, त्या मजुराने काडेपेटीवर भरलेला करही त्यात आहे. मग अनुदान देताना प्रत्येक तालुक्याला दुरुस्तीचे केंद्र आणि अमुक दिवसांत दुरुस्ती, अशी सक्त अट का घातली गेली नाही? गाडी विकायला परळीत येता, तर दुरुस्त करायलाही परळीत या, एवढीच साधी मागणी आहे.

आता गाढवाच्या मिरवणुकीविषयी. आमच्या जिल्ह्यात गाढवाची मिरवणूक नवी नाही. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. ती थट्टामस्करी आहे, जावयाला शेवटी आहेर मिळतो. पण ‘धिंड’ या शब्दाचा दुसरा अर्थही आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. गावगाड्याने दुबळ्याला त्याची पायरी दाखवण्यासाठी वापरलेले ते हत्यार आहे. आणि गाढव तरी कोणाचे? वडार, कैकाडी, कुंभार, परीट या कष्टकऱ्यांचे. पिढ्यान् पिढ्या त्याने माती वाहिली, विटा वाहिल्या, दगड वाहिले. त्याच्या मालकाला त्याने कधी दगा दिला नाही. त्या दिवशी परळीतही चालत होते ते गाढवच! तेव्हा लाजिरवाणे काही असेल तर गाढव नव्हे, त्याच्यामागची बंद पडलेली गाडी.

परळीच्या त्या ग्राहकाचा संताप रास्त होता. त्याने कोणाला इजा केली नाही आणि प्रश्न देशापुढे मांडला, हे मान्यच केले पाहिजे. पण धिंडीची लाज माणसाला वाटते. कंपनीला चेहरा नसतो, तिला लाज कुठून वाटणार? सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या कलबुर्गीत एका तरुण ग्राहकाने तर शोरूमच पेटवून दिले. महिन्यापूर्वी घेतलेली स्कूटर वारंवार बिघडत होती आणि दाद लागत नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. परिणाम काय झाला? तक्रारदार होता तो आरोपी झाला. स्वतः मिस्त्रीकाम करणाऱ्या त्या मुलाला अटक झाली आणि गाडीचा प्रश्न बाजूला पडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच बजावले होते. संविधानाचे मार्ग खुले असताना इतर मार्गांना समर्थन नाही. हे भित्र्याचे धोरण नव्हे. दुबळ्याने कायदा सोडला की बळी दुबळ्याचाच जातो, हा त्यातला अनुभव आहे.

मग कायद्याचा मार्ग कोणता? ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक घराला तोंडपाठ असल्या पाहिजेत.

एक, कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. परळीच्या माणसाला बीडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागता येते. दोन, वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तीन, वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही, आपले म्हणणे आपण मांडू शकतो. चार, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आज येतो, उद्या येतो, या आश्वासनांत ही मुदत निघून जाऊ देऊ नये. पाच, दूध किंवा भाजी विकण्यासाठी गाडी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या संरक्षणात येते.

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निर्जीव कंपनीला जिवंत माणसासारखे जागे करणारे हे कलम आहे.

पण कायदा पुरावा मागतो, आणि आपण मार खातो तो नेमका इथे. गाडी शोरूममध्ये टाकताना जॉब कार्ड घेत नाही. घेतले तर त्यावर काय लिहिले ते वाचत नाही. फोनवर भांडतो, लेखी देत नाही. यापुढे असे करा. बिल, वॉरंटीचे पुस्तक आणि हप्त्यांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. गाडी दिली ती तारीख आणि परत मिळाली ती तारीख कागदावर घ्या. गाडी कितव्यांदा आणि कशासाठी बंद पडली, ते वहीत लिहा. मोबाईलवरचे निरोप पुसू नका. विक्रेता आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. १९१५ या हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार घेतली जाते, तिचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. एवढी पिशवी घेऊन जो आयोगापुढे उभा राहील, त्याला उडवून लावणे सोपे नाही.

आयोगाचेही सगळे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. अध्यक्ष आणि सदस्यांच्या रिकाम्या जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. दुरुस्तीच्या विलंबाची तक्रार घेऊन जावे आणि न्यायातही विलंब व्हावा, हा दुहेरी अन्याय आहे. म्हणून रिकाम्या जागा भरा, ही मागणीही आपल्या मोर्चाच्या निवेदनात आली पाहिजे. आपण आरक्षणाच्या अनुशेषासाठी भांडतो तसेच न्यायाच्या या अनुशेषासाठीही भांडले पाहिजे.

आज आपल्या वस्तीवस्तीत कायदा शिकलेली मुले-मुली आहेत. बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या न्यायालयांत ती उभी राहतात. त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून लोकांच्या अशा पिशव्या उघडाव्यात, तक्रारी लिहून द्याव्यात. एकाच मॉडेलच्या, एकाच बिघाडाच्या दहा तक्रारी एकत्र आल्या, तर एकट्याचे गाऱ्हाणे संघटितांचा दावा बनते. अनेक ग्राहकांनी मिळून तक्रार करण्याची सोयही या कायद्यात आहे. शिकणे आणि संघटित होणे हे सभेतल्या घोषणेपुरते नसते. ते अशा जॉब कार्डाच्या कागदातही असते.

चार पिढ्यांपूर्वी बाजारात आपल्या माणसाला दुकानाच्या पायरीवर चढू देत नव्हते. दुकानदार माल लांबून टाकायचा, पैसे लांबून घ्यायचा, आणि मालात खोट निघाली तर विचारायची सोय नव्हती. आज तोच समाज शोरूममध्ये खुर्चीवर बसून गाडी घेतो. ही खुर्ची संविधानाने दिली. त्या खुर्चीवर बसून घेतलेल्या मालाचा जाब विचारणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. तो मागायला गाढवाची गरज नाही. लेखणी, पोचपावती आणि बीडच्या आयोगापर्यंतचे एसटीचे तिकीट एवढे पुरे आहे.