रुग्णवाहिका येईपर्यंत

'हृदयक्रिया बंद पडल्याने निधन' हे शब्द वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांमध्ये आपण नेहमी वाचतो. काटेकोरपणे पाहिले तर त्यांतून फारसे काही कळत नाही, कारण मृत्यू कशानेही आला तरी शेवटी हृदयक्रिया बंद पडतेच. पण काही माणसांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. शरीरातले बाकीचे अवयव व्यवस्थित काम करीत असतात आणि हृदयच आधी थांबते. चालता-बोलता माणूस बाजारात, एस.टी.च्या रांगेत किंवा स्टाफरूममध्ये कोसळतो. या लेखात आपण अशा माणसाचा विचार करणार आहोत.

आधी शब्दांचा एक घोटाळा दूर करू. 'हार्ट अटॅक' आणि हृदय थांबणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी तुंबते. छातीत दुखते, घाम फुटतो, पण हृदय चालू असते आणि रुग्ण बोलू शकतो. त्याला चालायला न लावता लवकरात लवकर रुग्णालयात नेणे, हे आपले काम. मात्र तुंबलेल्या धमनीमुळे हृदयाची विद्युत-व्यवस्था बिघडली, तर त्याच रुग्णाचे हृदय अचानक थांबू शकते. मग दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि हिशेब तासांचा न राहता मिनिटांचा होतो.

'थांबते' हा शब्दही पुष्कळदा पूर्ण खरा नसतो. हृदयाच्या उजव्या अलिंदात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याच्या तालावर सगळे स्नायुतंतू एकदम आकुंचन पावतात. हा ताल हरवला की निलयांचे तंतू आपापल्या मनाने थरथरू लागतात. वर्गात पन्नास मुले पन्नास वेगवेगळ्या कविता मोठ्याने म्हणू लागली तर आवाज खूप होईल, पण एकही कविता ऐकू येणार नाही. तसेच येथे होते. हालचाल असते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. अशा वेळी डिफिब्रिलेटरने दिलेला विजेचा झटका म्हणजे गुरुजींनी टेबलावर आपटलेली छडी! क्षणभर सगळे गप्प होतात आणि त्या शांततेत मूळचा ताल पुन्हा सुरू होण्याची संधी मिळते. सिनेमात पडद्यावरची रेषा सपाट झाली की झटका देताना दाखवतात, ते चूक आहे. जिथे कोणी बोलतच नाही, तिथे छडी आपटून काय उपयोग?

असे झटका देणारे यंत्र १९६० च्या सुमारास मोठ्या रुग्णालयांत होते. पण रुग्ण कुठे होते? बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातील हृदयतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांना हाच प्रश्न पडला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांचे युद्धकैदी झाले होते आणि तिथल्या उपासमारीत बेरीबेरीने त्यांच्या स्वतःच्या हृदयावर परिणाम झाला होता. हार्ट अटॅकने दगावणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुखणे सुरू झाल्यापासून तासाभरातच मरतात, असे तेव्हाच्या एका पाहणीत दिसले होते. म्हणजे ज्यांना यंत्राची सर्वांत जास्त गरज होती, ते यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हते. पँट्रिज यांनी मग यंत्रच रुग्णाकडे न्यायचे ठरवले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा त्यांचा पहिला डिफिब्रिलेटर सुमारे ७० किलोचा होता. जानेवारी १९६६ मध्ये डॉक्टर, परिचारिका आणि हे धूड घेऊन त्यांची गाडी बेलफास्टच्या रस्त्यांवर धावू लागली. पहिल्या १५ महिन्यांत ३१२ रुग्ण हाताळले गेले आणि वाटेत एकही दगावला नाही. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या दहा जणांना पुन्हा जिवंत करता आले आणि त्यांतले पाच पुढे घरी गेले. ऑगस्ट १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. अमेरिकेने ही कल्पना पटकन उचलली. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र सर्व तातडीच्या रुग्णवाहिकांना डिफिब्रिलेटर देण्याचा सरकारी निर्णय व्हायला १९९० साल उजाडावे लागले.

आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. ही फार मोलाची सोय आहे. पण गाडी कितीही चांगली असली तरी तिला रस्ता कापावाच लागतो. आणि हृदय थांबल्यावर काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. गाडी दहाव्या मिनिटाला आली तर तिने येऊन करायचे काय? मधल्या वेळात रुग्णाजवळ फक्त आपण असतो.

या मधल्या वेळाचे उत्तर बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत सापडले, तेही जवळजवळ अपघाताने. विल्यम कौवेनहोवन हे विद्युत-अभियंते तिथे झटका देण्याच्या यंत्रावर काम करीत होते. १९५८ मध्ये त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले, की यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबून धरल्या की, वीज सोडण्याआधीच, मांडीच्या धमनीतला रक्तदाब क्षणभर वाढतो. म्हणजे छाती बाहेरून दाबूनही रक्त ढकलता येते! शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांनी हे माणसांवर वापरले आणि १९६० मध्ये तिघांनी मिळून ते प्रसिद्ध केले. या कामाला उपकरण लागत नाही, दोन हात पुरेत, असा त्यांच्या लेखाचा आशय होता.

हातांनी दाबून निरोगी हृदयाच्या फार तर पाव ते तृतीयांश इतकाच प्रवाह मिळतो. मग त्याने काय साधणार, अशी शंका हुशार विद्यार्थी घेईल. त्याला फळ्यावर हे गणित मांडून दाखवावे. धमनीतल्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. विश्रांत अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते, म्हणजे शरीराला मिनिटाला १००० मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचतो. त्यांतला शरीर वापरते फक्त २५० मिलिलिटर. तीन-चतुर्थांश ऑक्सिजन न वापरताच परत येतो! म्हणून अचानक कोसळलेल्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटे ऑक्सिजन शिल्लक असतो. बंद पडलेला असतो तो पंप. वजनाने शरीराच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा वापरतो आणि स्वतःजवळ साठा ठेवत नाही. त्याच्यापर्यंत ही शिल्लक पोहोचत ठेवायला अपुरा प्रवाहसुद्धा कामी येतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. विहिरीत बुडालेल्या माणसाचे हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबलेले असते. तिथे शिल्लक नसते, म्हणून तोंडाने श्वास देणे आवश्यक ठरते. लहान मुलांचेही बहुधा तसेच. पण अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला, शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीने नुसती छाती दाबत राहिले तरी चालते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य लोकांसाठी हीच 'केवळ छातीदाबा'ची पद्धत सांगितली आहे.

प्रत्यक्षात करायचे काय? खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नये. इथे एक गोष्ट मुद्दाम ठसवायला हवी. हृदय थांबल्यावरही पुष्कळ रुग्ण काही काळ घोरल्यासारखे, अडखळत आचके देतात. पाहणाऱ्यांना वाटते श्वास चालू आहे, आणि मग तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे यांत मोलाची मिनिटे निघून जातात. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाला १०८ला फोन करायला सांगा. रुग्णाला खाटेवर नको, कडक जमिनीवर उताणे ठेवा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, आणि कमरेतून भार देऊन छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल असे दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण तेवढ्याच वेळात हृदय पुन्हा भरते. वेग मिनिटाला १०० ते १२०. हे काम दमवणारे आहे, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

हा वेग शिकवायला प्रयोगशाळेतला साधा लंबक उत्तम. त्याची लांबी ३० सेंटिमीटर ठेवली तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला त्याला सुमारे ०.५५ सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला १०९ झोके. गोळा टोकाला गेला की एक दाब. छातीऐवजी दप्तरात ठेवलेली, झाकण लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली किंवा घट्ट उशी चालेल. ५ सेंटिमीटर म्हणजे किती, हे आधी पट्टीवर पाहून घ्यावे. मुलांचा अंदाज बहुधा कमी पडतो. जिवंत मित्राच्या छातीवर सराव मुळीच करू देऊ नये. चालणाऱ्या हृदयाशी तो खेळ नाही.

शाळेत हे शिकवून खरोखर फरक पडतो का? डेन्मार्कने २००५ मध्ये ते शाळांत सक्तीचे केले आणि पुढच्या वर्षी वाहनपरवान्यासाठीही. तिथे २००१ मध्ये कोसळलेल्यांपैकी २१.१ टक्के लोकांना जवळच्या माणसांनी छातीदाब दिला होता. २०१० मध्ये हे प्रमाण ४४.९ टक्के झाले. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले. रुग्णवाहिका आणि रुग्णालयेही दरम्यान सुधारली होती, तेव्हा सगळे श्रेय शाळांना देता येणार नाही. तरी १०.८ टक्के म्हणजे अजूनही दहातले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत, हेही मुलांना सांगावे. प्रयत्न करून माणूस गेला तर तो करणाऱ्याचा दोष नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शाळकरी मुलांना बाराव्या वर्षापासून, वर्षाला दोन तास, हे शिकवण्याच्या कल्पनेला पाठिंबा दिला आहे. दोन तास म्हणजे आपल्या वेळापत्रकातल्या तीन-चार तासिका.

वर्गात दोन प्रश्न हमखास येतात. बरगडी मोडली तर? मोडू शकते, वयस्कर माणसाची तर बरेचदा. ती काही आठवड्यांत जुळते. दाबणे थांबवू नये. आणि हृदय चालूच असेल, आपण उगीच दाबले तर? तो माणूस कण्हेल, आपला हात ढकलून देईल. मग आपण थांबायचे.