रूळ वळला आणि गाडी थांबली

आज खेळण्यातल्या आगगाडीबद्दल बोलायचं आहे. हसू नका, शेवटी आपल्याच घरातल्या फ्यूजपाशी यायचं आहे.

अमडापूरच्या आमच्या गटातल्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी विजेवरची आगगाडी मांडली. खामगावची गाडी जलंबला जाते ती त्याच वाटेने परत येते. यांना मात्र गाडी गोल वळून, तोंड फिरवून परत यायला हवी होती. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं; तसं काही करायचं मनात होतं. वळणाचा शेवटचा रूळ जोडला आणि गाडी ठप्प. फ्यूज उडाला. पोरं त्या जागी जाड तार घालायला निघाली, तेव्हा आम्ही हात धरला.

या गाडीचे दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. अंगणात रांगोळीने एक लाल, एक हिरवी रेघ शेजारी शेजारी काढा आणि दाव्याच्या फासासारखी गोल फिरवून पहिल्या वाटेला आणून मिळवा. लाल रेघ हिरवीला भिडते! तोच शॉर्ट. मोठ्या गाडीला ही अडचण येत नाही. शेगाव-मलकापूरच्या मार्गावर वीज वरच्या तारेतून येते, २५,००० व्होल्टची, आणि खालचे दोन्ही रूळ परतीचेच.

उपाय असा. वळणाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे आणि फटीत प्लॅस्टिकचे जोड बसवायचे. मधला तुकडा पूर्ण गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर धातूची चाकं दोन्ही फटी एकदम जोडतात. त्या तुकड्याला वेगळी वीज द्यायची. गाडी वळणात आली की मुख्य रुळाची वीज बटणाने उलटी करायची.

एवढं करूनही मुलांची गाडी चालेना. मग ट्रान्सफॉर्मर काढून ठेवला, इंजिन आणि डबे उचलले. एक सेल, एक छोटा बल्ब आणि तार घेऊन दोन टोकं दोन रुळांना लावली. बल्ब पेटला, म्हणजे रूळ कुठेतरी अजून चिकटलेले. अर्धा मार्ग सोडवला, पुन्हा पाहिलं. मग त्याचा अर्धा. शेवटी सांध्यापाशी एक टाचणी आडवी पडलेली सापडली. एवढीशी टाचणी, अख्खी दुपार खाल्ली तिने!

घरात मात्र सेल-बल्बचा खेळ नको. खेळण्यात १२ व्होल्ट, घरात २३०. शोधायची रीत तेवढी तीच. घरातला एमसीबी सारखा पडत असेल तर सगळे खाली करा, मग एकेक वर करा. ज्याने पडतो त्या वाटेवरच्या मिक्सर, पंखा, मोटारीच्या पिना काढून पुन्हा पाहा. तरी पडला तर तो खालीच ठेवा आणि वायरमनला बोलवा. जुना फ्यूज असेल तर त्यात जाड तार कुणालाही घालू देऊ नका, घरच्या दादांनाही नाही. फ्यूजची बारीक तार वितळते म्हणून भिंतीतली तार वाचते.